शेजाऱ्याचा होकार

…तर साहेब घराबाहेर अडकून जिन्यात उभे आणि कुलूपवाला पिशवीतून सळई काढायलाच तयार नाही, इथवर काल आलो होतो. अडलं होतं ते त्याच्या नियमावर. कुणाचंही कुलूप उघडायचं, तर आधी शेजाऱ्याला हाक मारायची, घर याचंच ना म्हणून विचारायचं आणि त्यानं हो म्हटलं तरच सळई आत घालायची. खुद्द सासऱ्याला त्यानं भर उन्हात दारात ताटकळत ठेवलं होतं, कारण शेजारी दाढी करायला गेलेला. बायको ते अजून उगाळते.

आता हेच दार पूर्वी मास्तरांचं होतं, कुलूपवाल्याच्या दारासमोरचं. मास्तर सरळ माणूस, पण पोटात काही ठेवणार नाही. नवा पूल वर्षाच्या आत खचला, तसं त्यांनी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘सिमेंट कुणी खाल्लं?’ झालं! साहेब पोलीस शिपाई घेऊन झडतीला हजर. मास्तर लेकीकडे गेलेले, दाराला कुलूप. साहेब कुलूपवाल्याला उघड म्हणाले. कुलूपवाल्यानं विचारलं, मालक नाही, तर न्यायालयाचा हुकूम तरी आणलाय का? घटनेनं सरकारलाही उंबरठा घालून दिलाय, हे मास्तरांनीच त्याला कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं. साहेब हसले. हुकूम मागाहून येईल म्हणाले. मग सळईही मागाहूनच येईल, असं हा म्हणाला.

शिपायांनी लाथा घालून दार फोडलं. कागद नेले, घराला सील ठोकलं. जिन्याखालची कुलूपवाल्याची टपरी लगेच रहदारीला अडथळा ठरली. जिन्याखाली रहदारी कुणाची, तर उंदरांची! पण टपरी उचलली. घटना आपली चूल पेटवणार आहे का, असं बायकोनं विचारलं. तेव्हापासून पिशवी खांद्याला लावून तो दारोदार फिरतो.

पुढे निकाल लागला. झडती बेकायदा, जप्ती बेकायदा, घर परत द्या. निकाल सुरेख होता, फक्त ऐकायला मास्तर उरले नव्हते. लेकीच्या घरी, परक्या खाटेवर गेले ते. लेकीलाही किल्ली मिळाली नाहीच. वरच्या न्यायालयात दाद मागितलीय म्हणून सरकारनं घर ठेवून घेतलं आणि बढती मिळालेल्या साहेबांना राहायला देऊन टाकलं. फुटल्या जागी फळी ठोकली की दार नवं!

त्याच दाराचा खटका बसून साहेब बाहेर राहिले. पायात सपाता, हातात भाजीची पिशवी. ज्याला अरे-तुरे केलं, त्याला आता मामा मामा करू लागले. कुलूपवाल्यानं नियम सांगितला. साहेबांनी मजल्यावरच्या सगळ्यांना हाका मारल्या. एकही दार उघडलं नाही, आतल्या भांड्यांचे आवाजसुद्धा थांबले. लाथ घाला की, तुम्हाला सवय आहे, असं कुणीतरी आतूनच पुटपुटलं.

मग साहेबांना युक्ती सुचली. म्हणाले, "अहो मामा, समोरचे शेजारी तर तुम्हीच. सांगा की, मला ओळखत नाही का?"

कुलूपवाल्यानं ठोकलेल्या फळीवरून हात फिरवला, पिशवी काखेला मारली आणि म्हणाला, "तुम्हाला चांगलंच ओळखतो, साहेब. पण हे घर तुमचं, असं मी कसं म्हणू?"