माझ्यामार्फत क्षमा

२० डिसेंबर, शनिवार. नाताळच्या नेवऱ्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांसाठी, नारळ खवायला बसले होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजाऱ्याची रोजची हाक आली. "बाय गो, तेंका सांग, चाय निवता."

'ते' म्हणजे त्याचे वडील. त्याच ओट्यावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेले. मी तोंड उघडण्याआधीच म्हातारा म्हणाला, "तेका सांग, माका ऐकाक येता."

हा शेजारी चर्चमध्ये बालपणीच्या जखमांसाठी प्रार्थना घेतो. घरी मालवणी, तिथे मात्र शुद्ध मराठी. लहानपणी वडिलांनी त्याला कधी नावाने हाक मारली नाही, 'गाढवा' म्हणायचे. हे सांगताना तो दर वेळी डोळे पुसतो. "आज मी देवाचं लेकरू आहे, हीच माझी ओळख." लोकांना खरंच बरं वाटतं. माझ्या जावेने तिथून घरी येताच, कित्येक वर्षं न बोललेल्या आईला फोन केला.

त्या संध्याकाळी म्हातारा पहिल्यांदाच प्रार्थनेला आला आणि माझ्या शेजारी बसला. लेक समोरून म्हणाला, "मी माझ्या वडिलांना क्षमा केली आहे." सगळे 'आमेन' म्हणाले. म्हातारा माझ्याकडे वळला.

"होय? माका कोणी सांगूक नाय."

सकाळी पुन्हा हाक आली, "बाय गो, तेंका सांग..." मी खवलेलं खोबरं मिक्सरमध्ये घातलं आणि बटण दाबलं. त्याने पुन्हा हाक मारली. मी मिक्सर चालूच ठेवला. अखेर मिक्सरच्या वरताण आवाज आला, "पप्पा, चाय निवता!"

मी मिक्सर बंद केला. खोबऱ्याची पार चटणी झाली होती. नेवऱ्यांसाठी दुसरा नारळ फोडला.