गोदाआत्याची फळी

गोदाआत्या कुठंही निघाली की माझ्या टेम्पोत आधी फळी चढायची, मग चाकांच्या खुर्चीसकट ती. हमाल हळदीची पोती चढवायला लावतात तसली जाडजूड फळी. बैलगाडीवरून पडून आत्याचं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून कुरुंद्यातल्या मायाळू माणसांनी तिला उचलायचा सपाटाच लावला होता. लग्नात उचल, दवाखान्यात उचल. आत्या भडकायची. "पोतं फळीवरून चढतंय, मी काहून न्हाई? चौघांनी उचलायची येळ येईलच की! घाई काहून करून राहिले?"

एकदा म्हणाली, "औंढ्याला चल. देवळाच्या भिंतीवरचे हत्ती बघायचे हायेत." लहानपणी पाहिले होते म्हणे. गाभारा खाली, वाट अरुंद. तिथं खुर्ची उतरणार नाही हे तिला ठाऊक होतं. "देव वरूनबी ऐकतो. मला भिंत बघायची. आख्खी. माझ्या चाकावर."

लोक पाय धूत होते त्या नळावर तिनं माझ्याकडून चाकं धुऊन घेतली. एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं हटकलंच, "खुर्ची आत?"

"तुमी पाय धुतले, मी चाकं धुतली. बराबर झालं."

पायरीला फळी लावतो न लावतो तोच चार धट्टेकट्टे भाविक धावले. "माय, उचलून फिरवतो. आमालाबी पुण्य लागंल." खुर्ची अधांतरी झालीसुद्धा.

आत्या कडाडली, "खाली ठेवा! पुण्य पायजे तर फळी धरा."

"हट्ट काहून करता? मागं लोक खोळंबले."

"भक्तासाठी हे देऊळच फिरलं म्हणत्यात. मी कुठं तेवढं मागून राहिले? मीच फिरते. फळी धरा."

चौघं ओशाळले. खुर्ची खाली टेकली, दोघांनी फळी दाबून धरली. आत्या दातओठ खात, चाकं रेटत एकटी चढली. मी फळी काखेत मारून मागं निघालो. भिंतीच्या कडेकडेनं ती सावकाश फिरली. दगडी हत्ती खालच्या थरात, अगदी तिच्या नजरेसमोर. एकाच्या सोंडेवर हात ठेवून मला म्हणाली, "बघ, तुला वाकावं लागतंय. मला न्हाई."

यंदा माघात आत्या गेली. फळी ओसरीवर भिंतीला टेकून उभी होती. तिरडीशी आम्ही चौघं वाकलो. कुणीतरी "उचला" म्हणालं आणि माझे हात थबकले. इतक्या वर्षांत आत्याला न विचारता मी कधी उचललं नव्हतं.