माधवदादाचा एर्मानो

माधवदादा गेल्याचा फोन त्याच्या डोंबिवलीच्या शेजारणीने केला. मी ठाण्यात भाजी घेत होते. पिशवी भाजीवालीकडेच ठेवली आणि निघाले. वाटेत नातेवाइकांना कळवत गेले, तर एकदोघांनी विचारलंच, म्हणजे तो तुझा सावत्र ना? माणूस गेला, पण हा प्रश्न काही जाईना...

आमचे वडील एक, आया वेगळ्या. त्याची आई लवकर गेली, मग माझी आई घरात आली. मला कळायला लागलं तेव्हापासून तो दादाच. त्याने लग्न केलं नाही. घरातल्या बाहेरच्या खोलीत स्पॅनिशचे क्लास घ्यायचा. त्याच्याकडे गेलं की चहाआधी शब्द मिळत. लॅटिनमध्ये भाऊ म्हणजे फ्रातेर. त्यातून फ्रेंचांचा फ्रेर, रुमानियातला फ्राते. इटालियन लोकांनी मात्र फ्राते मठातल्या साधूंना देऊन टाकला आणि घरच्या भावाला लाडाने फ्रातेल्लो केलं, आपण भावड्या म्हणतो तसं.

माझ्या मुलीच्या लग्नात, कल्याणच्या हॉलवर, तिला मामाने मांडवात आणायची वेळ झाली आणि आत्येसासूबाईंनी मला बाजूला घेतलं. सावत्र मामा नको, त्यापेक्षा माझ्या मामेभावाला उभं करावं, तो निदान आईकडच्या रक्ताचा, असं त्यांचं म्हणणं. दादा फेटा बांधून मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"आत्याबाई, रोमन लोकही तुमच्यासारखेच काटेकोर," तो म्हणाला. "नुसतं फ्रातेर म्हणून भागेना, म्हणून सख्ख्याला फ्रातेर गेर्मानुस म्हणायचे. पुढे स्पेनमध्ये फ्रातेर साधूंकडे गेला, मागे उरला नुसता गेर्मानुस, म्हणजे सख्खा. त्याचा झाला एर्मानो. आता तिथे भाऊ म्हटलं की तोच शब्द, सावत्र असला तरी."

"मग लग्न तिकडेच करायचं होतं," आत्याबाई म्हणाल्या.

"दादा, मुहूर्त चाललाय," मी म्हटलं. "आण तिला."

त्याने आणलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या मागे ताठ उभा होता. आत्याबाईंनी अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या त्याच्याच फेट्यावर पडल्या.

परवा त्याची खोली आवरायला गेले. क्लासची वेळ होती. बातमी कळूनही विद्यार्थी आले होते, आपापल्या जागी बसले होते. एका मुलीने विचारलं, तुम्ही सरांच्या कोण?

"बहीण."

पुढचं विचारेल म्हणून मी थांबले. तिने उठून दादाची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले.