आजाराआधीचं पथ्य

दाजी सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, आणि गूळ चाखून थुंकायचे. सौद्याच्या वेळी ढेपेचा खडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, गूळ कसा उतरलाय ते सांगायचं आणि मागं वळून थुंकून टाकायचं. शेतकऱ्याला ते लागायचं. एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं होतं, "माझ्या गुळात काय माती हाय व्हय?" दाजींनी हात जोडले. "गूळ लय चांगला हाय, आबा. पोट माझं वाईट हाय."

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. एकोणीसशे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत चाळिशी ओलांडत असलेला, पोट सुटू लागलेला, हसरा माणूस. त्यांच्या घरात दारासमोर दोन फोटो होते, वडिलांचा आणि थोरल्या भावाचा. दोघंही पन्नाशी न बघता गेले; एक झोपेत, एक वैरणीचा भारा उतरवताना. कुणी पाव्हणा फोटोंकडं बघायला लागला की दाजी म्हणायचे, "आमच्यात पुरुषाचा फोटो लौकर भिंतीवर जातो." ऐकणारा हसायचा. एवढ्या एका वाक्याला दाजी स्वतः हसत नसत.

उगीच चालायला जाणं हा तेव्हा आमच्याकडं रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जायचा. दाजी सकाळी मिरज रस्त्यानं चालू लागले की ओळखीचे लोक स्कूटर थांबवत, बसा म्हणत. नको म्हटलं तर रागावत. शेवटी दाजी हातात रॉकेलचा रिकामा डबा घेऊन निघू लागले. रॉकेलच्या डब्यासकट माणसाला स्कूटरवर कोण घेतो? धडधाकट राहण्यासाठी त्यांना असं लपतछपत वागावं लागलं.

खरी पंचाईत व्हायची आमच्या घरी, कोरेगावाजवळ. आमच्यात जावयाचं ताट म्हणजे घराची अब्रू. आई वाढायला आली की दाजी ताटावर पालथा हात आडवा धरायचे आणि आई तुपाची धार बेलाशक त्या हातावर सोडायची. माझे चुलते मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. ते म्हणायचे, "जावईबापू, शुगर हाय का? न्हाई. बीपीची गोळी हाय का? न्हाई. मग पथ्य कशाचं, आमच्या तुपाचं?" आजार असता तर दाखवून सुटले असते. दाखवायला त्यांच्याकडं नुसती भीती होती, आणि सासुरवाडीत जावयानं भीती दाखवायची नसते.

म्हणून ते मला साक्षीदार करून सांगलीतल्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. मी शिकलेला, साताऱ्यात सरकारी नोकरीला. घरात माझा शब्द चालायचा. डॉक्टरांनी दाजींच्या पोटाला शिंप्यासारखी टेप लावली, रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि नीट समजावून सांगितलं. पोटाचा घेर वाढलाय. रक्तदाब, साखर, चरबी सगळं थोडं थोडं वर सरकलंय. सुटं सुटं बघितलं तर कशालाच आजार म्हणता येत नाही, पण ही सगळी एका माणसात जमलीत हे वाईट. "चोर अजून कुंपणावर आहे," ते म्हणाले. "चालणं ठेवा, ताट अर्धं करा, तो परत जाईल. घरात शिरला तर मग गोळ्या आहेतच." दाजींचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची बाजू घेतली होती. त्या भरात ते म्हणाले, आमच्या पाव्हण्यांचं पण मोजा. मोजलं. माझा घेर त्यांच्याहून जास्त भरला. डॉक्टर म्हणाले, तुम्हीही यांच्याबरोबरच सुरू करा.

बाहेर आल्यावर दाजींनी माझा हात धरला. "पावणं, माझं कोण ऐकत न्हाई. तुमी एकदा घरात सांगा. तुमी सांगितलं की मी सुटलो."

सांगतो म्हणालो.

पुढं धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, त्याचं पुण्य लागतं. भावकी पंगतीला बसलेली. आई धोंडे तुपात बुडवून घेऊन आली. दाजींनी ताटावर हात धरला आणि माझ्याकडं बघितलं. चुलत्यांनी ते हेरलं. "काय रं, तूच गेलतास न्हवं डॉक्टरकडं? काय म्हणाला?"

सगळी पंगत माझ्या तोंडाकडं बघत होती. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्या ताटाचा आला असता. माझ्या ताटात धोंडे वाढून झाले होते आणि मला ते खायचे होते. एवढंच कारण. आईला वाईट वाटेल वगैरे मी नंतर मनाला समजावायला शोधलं.

"आजार काय न्हाई म्हणाले," मी म्हणालो.

शब्दानं बघितलं तर खोटं नव्हतं. पंगत हसली. चुलते म्हणाले, बघा, मनाचे खेळ सगळे. दाजी माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी हात काढून घेतला. आईनं वाढलं. ते जेवले, मागून घेऊन जेवले. आईला त्या दिवशी कोण आनंद. अक्कानंही सांगलीला गेल्यावर त्यांची वेगळी, बिनतेलाची भाजी बंद केली. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर तिनं का म्हणून करावी?

दाजी मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. चालणं मात्र सुटलं, आणि अडतीवर ते गूळ गिळू लागले. वर्षभरानं धीर करून मी विचारलं, असं का केलंत. म्हणाले, "एकट्यानं किती दिवस न्हाई म्हणायचं, पावणं? दमलो मी." एका जेवणानं माणूस मरत नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. खरंही आहे ते. पण त्यांच्याकडं एकच साक्षीदार होता.

काही वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळाला. उजवं अंग गेलं. तपासलं तर साखरही भरपूर निघाली. मग सगळ्यांना त्यांचं पथ्य पटलं. आई अळणी आमटीचा डबा घेऊन एसटीनं सांगलीला जायची. चुलते पेढ्याचा पुडा आणणाऱ्याला दारातूनच परतवायचे. मी भेटायला गेलो तेव्हा दाजी वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आता... न्हाई म्हणाया... लागत न्हाई." ते हसत होते. मला तिथं बसवेना.

पन्नाशी त्यांनीही बघितली नाही.

त्यानंतर अक्कानं कुणाच्या ताटात वाढलं नाही. भांडी मधे ठेवते, घ्या म्हणते आणि उठून जाते. पाहुणे तिला माणूसघाणी म्हणतात. मला ते नवरा गेल्याचं दुःख वाटायचं. आई गेली, चुलते गेले, मला इन्सुलिन सुरू झालं, मी गप्पच. शेवटी यंदा दिवाळीनंतर गेलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, टेप, पंगत, सगळं. अक्का तांदूळ निवडत बसली होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्यांचं ताट मी वाढायची," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच घालवलं त्यांना."

मी काही बोलायला गेलो, तर तिनं हातानं थांबवलं.

"आई बी ह्येच म्हणत गेली रं. धोंडं मी वाढलं म्हणून."