अकरा वर्षं न चाखलेला रस्सा

दुबईच्या हॉटेलात हैदरने अकरा वर्षं एकच पदार्थ रांधला आणि तो कधी जिभेवर ठेवला नाही.

पदार्थ म्हणजे मासळीचा रस्सा. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं करतात तसा. कांदा, लसूण, टोमॅटो, बडीशेप, केशर, संत्र्याची साल. आणि पेलाभर पांढरी वाइन. ती वाइनच आडवी यायची. हैदर वासावर आणि रंगावर शिजवायचा. वाइन ओतणं आणि चव पाहणं ही कामं रत्नपालची. रत्नपाल शिरड शहापूरचा, हैदर आखाडा बाळापूरचा. एका जिल्ह्यातली दोन माणसं तिकडे एका शेगडीपाशी भेटली. उकळलं की दारू उडून जाते आणि पंचशील शाबूत राहतं, असं रत्नपाल सांगायचा. मग चमचा तोंडात घालून मान हलवायचा. जेवून उठलेले लोक आत येऊन हैदरचा हात हातात घ्यायचे.

मागच्या वर्षी दोघंही गावी परतले. हैदरने बाळापुरात बिर्याणीचं दुकान टाकलं. ते बरं चाललं. पण त्या रश्श्याचं कौतुक काही त्याच्या तोंडून सुटेना. एकदा त्याची बायको गुलनाज भाकरी थापता थापता म्हणाली, "जे खाल्लं न्हाई त्याची तारीफ करून राहिलात. चांगलं होतं हे तुमाला सांगितलं कोणी?"

रत्नपालने सांगितलं होतं. दुसरं कोण सांगणार? गिऱ्हाइकांच्या पुढ्यात रस्सा जायचा तो रत्नपालच्या हातून. हैदरला ते लागलं. आपल्या हाताला खरंच चव होती, की आपण नुसते ढवळत होतो? स्वतः चाखल्याशिवाय हे कळणार नव्हतं. त्याने रत्नपालला शुक्रवारी जेवायला बोलावलं. आधी मी चाखणार, मग तू, असं फोनवरच बजावलं.

सुरमई आणि झिंगे नांदेडहून बर्फात आले. शिंपले घरात चालत नव्हते, ते वगळले. ऑलिव्हचं तेल मेडिकलमध्ये छोट्या बाटलीत मिळालं. मालिश करायचं लेकरू किती महिन्यांचं आहे, असं दुकानदाराने विचारलं. वाइनच्या जागी आंबट द्राक्षांचा रस आला. हैदरच्या अम्मीला, मदीनाबीला, हे सगळं आजाऱ्याचं जेवण वाटत होतं.

जुम्म्याची नमाज पढून हैदर चुलीपाशी बसला. रस्सा उकळला. ओळखीचा वास आला. मीठ त्याने तिकडच्याच मापाने घातलं. मासळी शेवटी सोडली. मग चमचा भरला, फुंकर घातली आणि बिस्मिल्ला म्हणून तोंडात घेतला.

गुलनाज बघत होती.

आंबटपणा जागच्या जागी होता. बडीशेप मागून हळूच येत होती. केशर होतं, संत्रं होतं. पण सपक. त्याने चिमूटभर मीठ टाकलं. पुन्हा चाखलं. आता सगळं उमललं. हैदर चमचा धरून तसाच बसून राहिला.

रत्नपाल आला, हातपाय धुऊन बसला. पहिला घास घेऊन थांबला. हैदरने त्याला विचारलं, "तिकडं वरून मीठ कोण टाकायचं?"

रत्नपाल ताटात बघत म्हणाला, "मीच. वाइनसोबत. रोज एक चिमूट."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"हैदरभाई, तुमी नाकानं सैपाक करायचे. मी तर पहिल्या दिवशी येड्यावानी बघतच राहिलो. अशा माणसाला मिठाचं काय सांगावं?" मग त्याने गुलनाजकडे वळून विचारलं, "आज तुमी टाकलं का, भाभी?"

गुलनाजने मानेनेच नवऱ्याकडे दाखवलं.

हैदरला वाटलं होतं, असं काही निघालं तर वाईट वाटेल. तसं झालं नाही. एवढ्या वर्षांच्या रश्श्यात चिमूटभर वाटा रत्नपालचा होता. तेवढा द्यायला त्याची ना नव्हती. अम्मीने वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. हैदरने ती भरली. मग आपल्या ताटात ज्वारीची भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला आणि पोटभर जेवला.