पडद्याच्या मागून पाहिलेला डोळा

अक्काला जाऊन सव्वा महिना झाला. शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात झाली. तिचा मुलगा शिवराज औषध आणायला खाली गेला, तशी तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "गौरीच्या लग्नाला मी हाव म्हटलंय. पोरगा हदगावचा हाय, जात आपली न्हाई, मला समदं ठाऊक हाय. माझ्यामागं हे लोक माझ्या नावानं न्हाई म्हणतील. तवा तू सांगायचं." गौरी म्हणजे शिवराजची मुलगी, अक्काची नात. मी मान हलवली. "मान हलवू नको, तोंडानं बोल. एकदा बोलली न्हाईस, ते मी जन्मभर भोगलं…" पुढं तिला धाप लागली. चौथ्या दिवशी ती गेली.

आता जो तो म्हणतो, अक्का फार शांत होती, सोशिक होती, पिक्चर बघून रडायची. खोटं आहे. ती रडायची नाही, ती चिडायची. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

चंद्रकलाक्का माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी. माझे आईबाप लवकर गेले, मी त्यांच्याच घरी अहमदपुरात वाढले. चौथीनंतर माझी शाळा सुटली, अक्का मॅट्रिक झाली. चुलत्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. कपाळाला विभूती, बाजारात कापडाचं दुकान, गावात मान. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस मात्र नव्हता. गावात टँकर यायचा. टँकरपाशी वही घेऊन एक कारकून उभा असायचा, लोह्याचा मिलिंद, बौद्ध घरातला. बायका घागरींवरून भांडायच्या आणि तो मान खाली घालून नावं लिहायचा. अक्काची घागर भरली तरी अक्का तिथून हलायची नाही. हे फक्त मला दिसलं होतं.

त्याच उन्हाळ्यात गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. पडदा मधोमध असायचा. पुढच्या बाजूला पुरुष आणि मागच्या बाजूला आम्ही बायका. पिक्चर आम्हाला आरपार दिसायचा, पण उलटा. नावं उलटी, हिरो डाव्या हातानं जेवायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. त्या पिक्चरचं नाव मी लिहीत नाही, रागानं. तेलघाणीवाल्याची पोर आणि विणकराचा पोरगा, एवढीच गोष्ट. ती पहिल्यांदा त्याला भेटते तेव्हा तिची घागर काठोकाठ भरलेली, दुसऱ्यांदा अर्धी, तिसऱ्यांदा रिकामी. घरात कुणी तिच्याशी खोटं बोलणार असलं की आधी पडद्यावर दाराची कडी दिसायची. आणि तीन वेळा पडदाभर तिचा एक डोळा, पापणी लवते आहे. आम्हाला तो उजवा दिसायचा. बाईचा उजवा डोळा लवला म्हणजे वाईट होणार, हे कुणी शिकवावं लागत नाही. बायका पहिल्याच वेळी चुकचुकल्या. शेवटी ती विहिरीत उडी घेते. माझ्या शेजारची कोंडाबाई मोठ्यानं म्हणाली, "एवढं पाणी असलेली हीर दाखवा बायांनो, मीबी पिरेम करते!" सगळ्या हसल्या. मग एकजण म्हणाली, "देवानं तीनदा खूण दिली. ऐकायची न्हाई म्हटल्यावर काय?" त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

अक्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, तेव्हा डोळ्याचा प्रसंग आला तशी ती उठली आणि कनात उचलून थेट पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दारवाला ओरडला, "ओ बाई, ही गड्यांची बाजू हाय!" अक्का म्हणाली, "बघून चालले, खात न्हाई तुमची बाजू." परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्या कानात म्हणाली, "तिकडून डावा डोळा लवतो गं. पुढच्यांना वाटतं हिचं भलं होणार. म्हणून शेवटाला त्यांना रडू येतं. आपण मागं बसतो, म्हणून आपल्याला वाटतं, हिला आधी कळायला पाहिजे होतं. पोर तीच, डोळा तोच. बसवलंय कुठं, त्यावर समदं." मला तेव्हा ते अर्धंच कळलं.

घरी जाताना पुढच्या बाजूनं आलेल्या आप्पांचे डोळे सुजलेले होते. उपरण्यानं नाक पुसत म्हणाले, "काय जीव लावला हो पोरीनं… बापाला दया यायला पाहिजे होती." हे वाक्य मी विसरले नाही. कारण पंधरा दिवसांनी याच माणसाला मिलिंदचं कळलं, आणि त्यानं अक्काला मागच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. पडद्यावरच्या पोरीसाठी उपरणं भिजवलं, घरातल्या पोरीसाठी एक थेंब नाही. आप्पा गेले त्यालाही वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद ठरल्याप्रमाणे स्टँडवर लातूरच्या गाडीपाशी थांबणार होता. अक्का दाराच्या फटीतून मला म्हणाली, "जा, त्याला सांग. आज येता येत न्हाई, पण माझा नकार न्हाई. एवढंच." मी चप्पल घातली. स्टँडवर भर गर्दीत परक्या पुरुषाशी बोलायचं, या विचारानंच पाऊल पुढं पडेना. उंबऱ्यापाशी माझा उजवा डोळा लवला. मी चप्पल काढून ठेवली. देवानंच खूण दिली, असं स्वतःला सांगितलं आणि ज्वारी निवडायला बसले. तो शेवटच्या गाडीपर्यंत थांबला होता, हे पुढं कळलं. तिनं मन बदललं असं समजून त्यानं बदली मागून घेतली. दोन महिन्यांत अक्काला उदगीरच्या एका बिजवराला दिली.

खरं काय झालं ते मी तिला फार वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "डोळा लवला म्हणून? अगं, भीती वाटली म्हण. भीतीला मी माफ केलं असतं." त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

अकराव्या दिवशी उदगीरला अक्काची शिवगण आराधना, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झालं. जंगमांच्या पंगती उठल्या आणि घरातले पुरुष गौरीचा विषय काढून बसले. शिवराज म्हणाला, "आईला हे कधीच पटलं नसतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. तो खाली ठेवला आणि म्हणाले, "तिनं हाव म्हटलंय." आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळलंही नाही. मग मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले. "दवाखान्यात, माझा हात धरून हाव म्हटलंय तिनं!"

शिवराज हसला. "मावशी, तुम्ही दुःखात आहात. जा, पडा जरा."

"मी दुःखात न्हाई," मी म्हणाले, "मी रागात हाय."

मग मी अक्काच्या खोलीत गेले. गौरी तिच्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अक्काच्या अंगाच्या तेलाचा वास उशीला अजून होता. गौरीनं विचारलं, "खरंच म्हणाली आजी?" मी हो म्हटलं. तिनं फोन लावला आणि माझ्यापुढं धरला. "त्याला सांगा. त्याला वाटून राहिलं, आजी गेली म्हणजे संपलं." पलीकडून एक परका पुरुष हॅलो, हॅलो म्हणत होता. मी फोन तिच्याकडे सारला. गौरीनं हात मागं घेतला नाही.

"मी आजीची बहीण बोलते," मी म्हणाले. "नीट ऐक. तिचा होकार हाय. तू थांब."