एका कीबोर्डवरची दोन याने

शाळा सुटल्यानंतर आणि गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर येण्याआधी जो मोकळा वेळ उरे, त्या वेळात आम्ही दोघी शिक्षिका संगणकावर अवकाशयाने उडवत असू. आमची शाळा दरेकसाजवळच्या एका लहान गावात आहे. मी गणित शिकवते. ती विज्ञान शिकवत असे. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते. भर दुपारी स्टेशनच्या तापलेल्या बाकावर बसण्यापेक्षा संगणकाची खोली बरी, हा विचार तिचाच. खोलीत संगणक बरेच होते, पण चालू स्थितीतला एकच; बाकीचे कापडाखाली झाकलेले.

खेळही तिनेच पेन ड्राइव्हमधून आणला. कोणा हौशी मंडळींनी तो तयार करून सर्वांसाठी फुकट ठेवलेला होता. नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. रूप मुद्दाम जुन्या व्हिडिओ गेमचे: चौकोनी ठिपक्यांची याने, ठिपक्यांच्याच चांदण्या, आणि रिकाम्या डब्यावर काडी वाजवावी तसे संगीत. याने डावीकडून उजवीकडे जातात. नीट पाहिले तर जागचे हलते ते आकाशच, याने तरंगत राहतात. शत्रू समोरून, म्हणजे उजवीकडून येतात. हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एकीचे यान फुटले की तिचा वैमानिक एका बुडबुड्यात तरंगू लागतो. तो बुडबुडा विरण्याआधी दुसरीने आपले यान त्याला टेकवले, तर पहिलीला नवे यान मिळते. दोघीही एकदम बुडबुड्यात अडकल्या, तर टप्पा पुन्हा आरंभापासून.

कीबोर्ड एकच होता. उजवीकडचे बाण माझे, डावीकडची अक्षरे तिची. आरंभीच आम्हाला एक अडचण आली. दोघींनी एकदम गोळ्या झाडल्या की माझे यान जागीच थिजे. तिने रीतसर तपासून कारण शोधले: साध्या कीबोर्डवर एकाच वेळी पुष्कळ कळा दाबल्या तर त्यातल्या काही त्याला ओळखू येत नाहीत. दुसरा कीबोर्ड जोडून पाहिला. तो बंदच निघाला. मग आम्ही नियम ठरवला. गोळ्या आळीपाळीने झाडायच्या. आपली पाळी घेताना ‘मी’ म्हणायचे, सोडताना ‘तू’ म्हणून बोट उचलायचे. जिची पाळी नसेल तिने केवळ चुकवत राहायचे आणि दुसरीवर विश्वास ठेवायचा. हे जमायला वेळ लागला. पण एकदा जमल्यावर तिचा श्वास कुठे संपतो तेही मला कळू लागले.

मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी आवरून घरी जाताना खिडकीशी थांबत.

“भांडून राहिल्या का भजन म्हनून राहिल्या, मॅडम?”

“मावशी, लढाई चालू आहे,” मी म्हणे.

“बसल्या बसल्या? अन् पोट्ट्यायले सांगता, मोबाइल खेळू नका.”

“आमी अभ्यास करून राहिलो, मावशी,” ती पडद्यावरची नजर न काढता उत्तर देई.

“हो, दिसून राहिला अभ्यास. दोघी बह्याड झाल्या, पुऱ्या येड्या!”

एकेक टप्पा मागे पडत गेला. शेवटच्या टप्प्याच्या दाराशी आलो, तेव्हा नवा नियम तिनेच घातला. “हे बघ, आता घरी खेळायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा नाही. शेवट दोघींनी इथंच बघायचा. कबूल?”

मी कबूल केले. खेळ फुकट होता, माझ्या घरच्या संगणकावर सहज उतरवून घेता आला असता. मी तो घेतला नाही. नियम पाळणे हा माझ्या स्वभावाचा भाग आहे. शिवाय त्या कराराचा मला मनातून आनंद होता. नोकरीच्या गावी रोज येणे-जाणे करणाऱ्या माणसाला सहकारी पुष्कळ मिळतात, सोबती मिळतोच असे नाही.

होळीची सुटी झाली. त्यानंतर तिचा बदलीचा आदेश आला. गोंदिया शहराजवळची शाळा तिला मिळाली. मला वाईट वाटले, पण बदली ही तिच्या हक्काची गोष्ट होती आणि तिने ती लपवली नव्हती. इथला तिचा शेवटचा दिवस आला तेव्हा शेवटचा टप्पा अजून शिल्लकच होता. “आज संपवूनच जायचं,” मी म्हटले. तिने मान हलवली.

टप्पा सुरू झाला. काळ्या आकाशात तुटक्या खडकांची रांग. ‘मी.’ ‘तू.’ ‘मी.’ आम्ही उत्तम खेळत होतो. पाळी माझी होती आणि समोर एकही शत्रू नव्हता. एकाएकी तिचे यान आपली जागा सोडून वरच्या कोपऱ्यात गेले आणि तिथे स्थिर राहिले. मला ते विचित्र वाटले, पण विचारायला अवसर मिळाला नाही. पाठीमागून, डावीकडून, एक प्रचंड यान पडद्यात शिरले. संपूर्ण खेळात मागून कधीच काही आले नव्हते. माझे यान फुटले.

“अगं बाई! हे कुठून आलं?” ती म्हणाली.

गणिताच्या शिक्षकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. विद्यार्थ्याने पायऱ्या मांडण्याआधीच उत्तर लिहिले असेल, तर ते उत्तर त्याने दुसरीकडून आणलेले असते. तिचे यान शत्रू दिसण्याआधीच बाजूला झाले होते. उद्गार मात्र नंतर आला, तोही जरा मोठ्याने.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हटले.

“अंदाज लागला गं.”

“मागून आजवर एकदाही काही आलं नाही. अंदाज कशावरून?”

माझा वैमानिक बुडबुड्यात तरंगत होता.

“कोणासोबत खेळलीस?”

“जाऊबाईसोबत. होळीच्या सुटीत. घरी गेम खेळायचे दोन हँडल होते. मी-तू करायचं कामच नाही, एका बैठकीत झालं.” मग जरा चिडून, “आता काऊन एवढं मनाला लावून घेतेस? गेमच तर आहे!”

“नियम तुझा होता.”

“होता ना. चुकलं माझं. थांब, मी येऊन राहिली तुझ्याकडे.”

“मग आत्ता मला ओरडून सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर मी आधी खेळून आले, हे तुला कळलं नसतं का?”

हे वाक्य ती अगदी सरळपणे बोलली. ते मला आजही जसेच्या तसे ऐकू येते. जाऊबाईसोबत खेळली, हे मी एखादे वेळी विसरले असते. पण मागून काय येणार हे ठाऊक असताना ती केवळ आपले यान बाजूला घेऊन थांबली, आणि तेही मी तिच्यावर विसंबून पुढे पाहत असताना.

तिने बुडबुड्याला यान टेकवले. मला नवे यान मिळाले. मी हात मांडीवर ठेवले. यान क्षणभर तसेच तरंगले आणि फुटले. ती पुन्हा आली. मी पुन्हा कळांना हात लावला नाही. तिसऱ्यांदा ती आली नाही. आता ती एकटीच होती, आणि कीबोर्ड तिची प्रत्येक कळ विनातक्रार ओळखत होता. पाळी सोडायला कोणी नव्हते. ती फार सफाईने खेळत होती.

मी उठून खिडक्या लावू लागले. पाठीमागे संगीत बदलले, उत्सवी झाले.

“बघ ना! शेवट किती छान आहे.”

“गाडीची वेळ झाली,” मी म्हटले आणि शेवटच्या खिडकीची कडी लावली.

डब्यात आम्ही समोरासमोर बसलो. गोंदियाला उतरताना तिने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही. पुढे काही दिवसांनी तिचा निरोप आला: नवा गेम सापडला आहे, इंटरनेटवरून दोघींना आपापल्या घरी बसून खेळता येतो, वेगळा कीबोर्ड, काहीच अडचण नाही. मी उत्तर दिले नाही.

खेळ शाळेच्या संगणकात अजून आहे. गाडीला वेळ असला की मी तो कधी कधी एकटीने लावते. शेवटच्या टप्प्यापर्यंत जात नाही. जाताच येत नाही. ऐन गर्दीत माझे बोट गोळीच्या कळेवरून आपोआप उचलले जाते आणि यान फुटते.

परवा मावशी खिडकीशी थांबल्या. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारले, “दुसऱ्या मॅडम तर गेल्या. मंग तुमी ‘तू’ कोनाले म्हनून राहिल्या?”

मला वाटत होते, मी ते मनातल्या मनात म्हणते.